सहा विषय आणि एक प्रश्न : कॉग्निटिव्ह सायन्सचा पहिला अभ्यासक्रम कसा घ्यावा

कॉग्निटिव्ह सायन्सचा, म्हणजे मन कसे काम करते हे सहा विषयांच्या नजरेतून पाहणाऱ्या शास्त्राचा, पहिलाच अभ्यासक्रम मुंबईत घेणाऱ्या विद्यार्थ्याची दमछाक बहुधा एका कारणाने होते : दर दोन-तीन आठवड्यांनी विषयाची भाषा बदलते. जुलैत स्मरणशक्तीवरचे प्रयोग चालू असतात, ऑगस्टमध्ये वाक्यरचनेच्या आकृत्या फळ्यावर येतात, गणपतीच्या सुट्टीनंतर मेंदूच्या भागांची नावे पाठ करावी लागतात आणि दिवाळी जवळ येते तेव्हा यंत्राला ‘समजते’ असे म्हणता येईल का, यावर वर्गात वाद सुरू झालेला असतो. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे रंजक वाटतो, पण ते सगळे एकाच अभ्यासक्रमात का आहेत हे कोणी मुद्दाम सांगितले नाही, तर सत्राच्या शेवटी हाती सुट्या टिपणांचा गठ्ठा उरतो. मानवी मनाकडे इतक्या बाजूंनी पाहायला लावणारा दुसरा अभ्यासक्रम पदवीच्या वर्षांत क्वचितच वाट्याला येतो, आणि तो नुसत्या पाठांतरात संपला की मला मनापासून वाईट वाटते. या लेखाचे मुख्य सांगणे एवढेच आहे की सुरुवातीलाच स्वतःचा एक प्रश्न निवडावा आणि तोच प्रश्न प्रत्येक घटकाला विचारत सत्र पार करावे. बाकीच्या सूचना त्याभोवतीच्या आहेत.

नाव नोंदवण्याआधी

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत मानसशास्त्राच्या पदवीला बोधनिक (कॉग्निटिव्ह) मानसशास्त्र हा विषय आणि त्याला जोडलेली प्रात्यक्षिके बऱ्याच वर्षांपासून शिकवली जात आहेत. तो कॉग्निटिव्ह सायन्सचा महत्त्वाचा भाग आहे, पण संपूर्ण विषय नव्हे. भाषाविज्ञान, मज्जाविज्ञान (मेंदू आणि मज्जासंस्थेचे शास्त्र), संगणकशास्त्र, मानवशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांना त्यात जागा थोडी असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाबाहेरचे अभ्यासक्रम घेण्याची सोय वाढली आहे, त्यामुळे विज्ञान शाखेतला विद्यार्थीही असा अभ्यासक्रम घेऊ शकतो. महाविद्यालयात तो उपलब्धच नसेल, तर ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील तर परीक्षा शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा मार्गाने घेता येतात, मात्र त्यासाठी महाविद्यालयाची संमती आधी, आणि लेखी, घ्यावी.

अभ्यासक्रमाची छापील रूपरेषा हातात आली की तिच्यात तीन गोष्टी पाहाव्यात : सहांपैकी कोणत्या विषयांना किती तास दिले आहेत, प्रात्यक्षिक किंवा प्रकल्प आहे का, आणि संख्याशास्त्राचे पूर्वज्ञान गृहीत धरले आहे का. प्रकल्प नसलेला आणि प्रकल्प असलेला असे दोन पर्याय असतील, तर दुसरा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. या विषयातले दावे कसे तयार होतात हे एकदा स्वतः विदा (डेटा) गोळा केल्याशिवाय नीट कळत नाही.

इतिहासाचा आठवडा वाया घालवू नका

पहिल्या आठवड्यातला इतिहास परीक्षेत फार तर एका टिपेपुरता येतो, म्हणून विद्यार्थी तो वगळतात. पण सहा विषय एकत्र का आले, याचे उत्तर तिथेच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी मानसशास्त्रावर वर्तनवादाचा प्रभाव होता. उद्दीपक आणि प्रतिसाद मोजता येतात, मनात काय चालते ते मोजता येत नाही, तेव्हा त्याबद्दल शास्त्राने बोलू नये, अशी ती भूमिका होती. तिला तडा वेगवेगळ्या दिशांनी गेला. ११ सप्टेंबर १९५६ रोजी एमआयटीमधल्या एका परिसंवादात ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेये सिद्ध करणाऱ्या संगणक-आज्ञावलीबद्दल सांगितले, नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या व्याकरणाची औपचारिक प्रारूपे मांडली, आणि जॉर्ज मिलर यांनी अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेबद्दल भाषण केले. तिन्ही भाषणांचे विषय वेगळे होते, पण आत माहितीवर काही ठरावीक प्रक्रिया होत असते आणि ती प्रक्रिया नेमकेपणाने लिहून काढता येते, ही कल्पना तिन्हीकडे समान होती. पुढे १९७८ मध्ये स्लोन फाउंडेशनसाठी तयार झालेल्या अहवालात मानसशास्त्र, भाषाविज्ञान, मज्जाविज्ञान, संगणकशास्त्र, मानवशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांना सहा कोपऱ्यांवर मांडून त्यांचे परस्परसंबंध दाखवणारा प्रसिद्ध षट्कोन आला, आणि १९७९ मध्ये या विषयाच्या संघटनेची पहिली परिषद कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे भरली.

याच आठवड्यात आणखी एक सवय लावून घ्यावी. अल्पकालीन स्मृतीत एका वेळी मावणाऱ्या घटकांचा मिलर यांचा ‘सात, अधिक-उणे दोन’ हा आकडा सर्वांना पाठ असतो, पण उजळणी किंवा गट करण्याची संधी न देता मोजले तर ही मर्यादा साधारण चार घटकांच्या आसपास येते, असे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांसह मांडले. टिपणवहीत प्रत्येक प्रसिद्ध निष्कर्षापुढे अशा नंतरच्या दुरुस्तीसाठी जागा मोकळी ठेवावी. ती जागा बहुतेक वेळा भरते.

प्रश्न निवडणे

आता मुख्य गोष्ट. प्रश्न असा हवा की तो रोजच्या व्यवहारातला असेल, लहान असेल, आणि सहाही विषयांना त्याबद्दल काही सांगण्यासारखे असेल. ‘मन म्हणजे काय’ हा प्रश्न चालणार नाही. तो इतका मोठा आहे की कोणताही घटक त्याला धड उत्तर देत नाही. ‘गर्दीत ओळखीचा चेहरा कसा सापडतो’, ‘वाचताना अक्षर ओळखले जाते की शब्द’, ‘माणूस रस्ता कसा लक्षात ठेवतो’ हे प्रश्न चांगले आहेत. इथे नमुना म्हणून मी एक प्रश्न घेतो : लहान मूल दोन अंकी बेरीज कशी करते?

या प्रश्नाला आधी डेव्हिड मार यांच्या तीन पातळ्या लावून पाहाव्यात. हे तरुण ब्रिटिश संशोधक १९८० मध्ये वारले; दृष्टीवरचे त्यांचे काम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातली ही विभागणी आज प्रत्येक प्रारंभिक अभ्यासक्रमात शिकवली जाते. पहिल्या पातळीवर आपण विचारतो की कोणते काम होत आहे. ४७ आणि ३८ यांची बेरीज ८५ येते, हे काम. दुसऱ्या पातळीवर विचारतो की ते कोणत्या रीतीने होते. कोणी उजवीकडून सुरुवात करून हातचा घेते, तर कोणी ४७ मध्ये ४० मिळवून त्यातून २ वजा करते. उत्तर एकच, रीती दोन. तिसऱ्या पातळीवर विचारतो की ते कशाच्या आधारे होते. मेंदूत, कागदावर की कॅल्क्युलेटरमध्ये. वर्गातले निम्मे वाद दोन माणसे दोन वेगळ्या पातळ्यांवर बोलत असल्यामुळे होतात, आणि हे ओळखता येणे हे या अभ्यासक्रमातले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे, असे मला वाटते.

मानसशास्त्राच्या घटकात हाच प्रश्न कार्यकारी स्मृतीचा, म्हणजे काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीचा, होतो : हातचा लक्षात ठेवताना काय निसटते, कोणत्या चुका पुन्हापुन्हा होतात, आणि त्या चुकांवरून मूल कोणती रीत वापरते हे ओळखता येते का. मज्जाविज्ञानात तो मेंदूच्या पार्श्विक (पराएटल) भागापर्यंत पोहोचतो. डाव्या बाजूच्या त्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना बोलता येते, पण साधी वजाबाकी जमत नाही.

भाषाविज्ञानाच्या घटकात मराठी विद्यार्थ्याजवळ इतरांकडे नसलेली सामग्री आहे. आपण २५ लिहिताना दशक आधी लिहितो, पण ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो. २९ ला पुढच्या तिसाच्या आधाराने ‘एकोणतीस’ म्हणतो, आणि नव्व्याण्णवला मात्र ती रीत सोडून देतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ही रीत मुलांना सोपी जावी म्हणून आहे, अशी बाजू मांडली होती. त्या वादात भाषेच्या सौंदर्याबद्दल खूप बोलले गेले, पण कॉग्निटिव्ह सायन्सच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : नावांच्या रचनेमुळे मोजण्यात फरक पडतो, याचा पुरावा काय? केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी बालकांची तुलना केली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडच्या मुलांत फारसा फरक नव्हता. अकराच्या पुढे, जिथे इंग्रजी नावे अनियमित होतात आणि चिनी नावे ‘दहा-एक, दहा-दोन’ अशी सरळ चालतात, तिथे अमेरिकी मुले मागे पडली. हा पुरावा महत्त्वाचा आहे, पण तो पुरेसा आहे का, घर आणि शाळा यांतले फरक त्यात मिसळलेले नाहीत का, हे आपल्या वहीत लिहून ठेवावे.

मानवशास्त्राच्या घटकात प्रश्न बाजारात जातो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या काराहेर आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. विक्रीच्या वेळी ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि तेच हिशेब कागदावर शाळेच्या पद्धतीने दिले तेव्हा ३७ टक्के. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो फक्त ५ मुलांवर होता, हे बहुतेक टिपणांत लिहिलेले नसते. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करत होती, पण शाळेच्या मांडणीतली साधी उदाहरणे त्यांना अवघड गेली. शाळेत जाणाऱ्या मुलांचे नेमके उलट झाले. दादरच्या भाजीबाजारात उभे राहून सुट्ट्या पैशांचा हिशेब ऐकणाऱ्याला हे पटायला वेळ लागणार नाही, मात्र पटणे आणि सिद्ध होणे यांतले अंतर इथेच लक्षात ठेवावे.

संगणकशास्त्रात मग विचारता येते की उदाहरणे दाखवून बेरीज शिकवलेले कृत्रिम न्यूरल नेटवर्क न पाहिलेल्या मोठ्या संख्यांवर कसे वागते, आणि तत्त्वज्ञानात, नियम पाळणे आणि नियम समजणे यांत भेद आहे का. जॉन सर्ल यांचा १९८० चा ‘चिनी खोली’चा युक्तिवाद (चिनी न येणारा माणूस केवळ नियमपुस्तक पाहून चिनी प्रश्नांना बरोबर उत्तरे देतो, तर त्याला चिनी समजते का?) याच वळणावर वाचावा, तो सुटा वाचला तर चातुर्याचा खेळ वाटतो, बेरजेचा प्रश्न बरोबर घेऊन गेल्यास त्याची धार कळते.

प्रयोग कसा वाचावा

नवख्या विद्यार्थ्याची वही ‘अमुक यांनी अमुक साली हे सिद्ध केले’ अशा वाक्यांनी भरलेली असते. त्याऐवजी प्रत्येक अभ्यासासाठी चार ओळी लिहाव्यात : कोणत्या प्रश्नासाठी हा प्रयोग होता, कोणते दोन पर्याय समोर होते, कोणता निकाल आला असता तर दुसरा पर्याय खरा ठरला असता, आणि काय शंका उरते. तिसरी ओळ सर्वांत अवघड आहे आणि ती लिहिता आली नाही, तर प्रयोग अजून समजलेला नाही असे मानावे.

हेन्री मोलेसन यांचे उदाहरण घेऊ. अपस्मारावरचा उपाय म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या अवयवाचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. ही कथा सगळ्यांना आठवते; युक्तिवाद मात्र ब्रेंडा मिल्नर यांच्या एका साध्या कसोटीत आहे. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे काम मोलेसन यांना दिवसामागून दिवस दिले, तेव्हा त्यांचा हात सुधारत गेला, पण हे काम आपण आधी केले आहे याची त्यांना आठवण नसे. स्मृती एकच असती, तर कौशल्य आणि आठवण दोन्ही गेली असती. एक गेली आणि एक राहिली, म्हणजे त्या किमान दोन वेगळ्या यंत्रणा असाव्यात. चौथ्या ओळीत लिहावे की हा एक रुग्ण आहे. आरशात पाहून गिरवण्याचे काम सोपे असल्यामुळे ते टिकले असेल काय, ही शंका दूर करायला उलट प्रकारचा रुग्ण, म्हणजे आठवणी शाबूत पण कौशल्य शिकता न येणारा, शोधावा लागतो.

तर्कावरच्या घटकात पीटर वेसन यांचा पत्त्यांचा प्रश्न येतो, आणि तो मित्रांवर करून पाहावा. टेबलावर चार पत्ते : अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेला आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? उत्तर अ आणि ७ असे आहे, पण या स्वरूपात ते दहांतल्या एखाद्यालाच सापडते; बहुतेक जण ४ उलटतात. आता तोच प्रश्न लोकलमध्ये न्यावा. फर्स्ट क्लासच्या डब्यात बसायचे तर फर्स्ट क्लासचा पास हवा. तिकीट तपासनिसाला चार प्रवाशांबद्दल एकेकच गोष्ट ठाऊक आहे : एक फर्स्ट क्लासमध्ये आहे, एक सेकंड क्लासमध्ये आहे, एकाकडे फर्स्ट क्लासचा पास आहे, एकाकडे सेकंड क्लासचा. त्याने कोणाकोणाची आणखी चौकशी करावी? फर्स्ट क्लासमध्ये बसलेल्याची आणि सेकंड क्लासचा पास असलेल्याची, हे मुंबईकर क्षणात सांगतो. तर्काची रचना दोन्हीकडे एकच असून उत्तर देण्याची सहजता इतकी का बदलते? फसवणूक पकडण्याची खास क्षमता माणसात उत्क्रांत झाली आहे, असे लेडा कॉस्मिडीस यांनी १९८९ मध्ये मांडले. परवानगी आणि बंधन यांच्या अनुभवातून बनलेल्या सर्वसाधारण आराखड्यांनी हे समजावता येते, असे पॅट्रिशिया चेंग आणि कीथ होलिओक यांनी त्याआधी, १९८५ मध्ये, म्हटले होते. चार ओळींची वही इथे खरी उपयोगी पडते, कारण दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या ओळी शेजारी ठेवल्यावरच वाद कुठे आहे ते दिसते.

दोन सावधगिरी कायम बाळगाव्यात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निकाल होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत मिळाला. तसेच, जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की ‘माणूस’ म्हणून ज्यांच्यावर प्रयोग झाले ते बहुतांशी पाश्चात्त्य, सुशिक्षित, संपन्न समाजांतले, पुष्कळदा विद्यापीठातले विद्यार्थीच होते. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्याने ‘हे माझ्या बाबतीत लागू आहे का’ असा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नसून अभ्यासाचाच भाग आहे.

एक प्रयोग स्वतः करा

सुरुवातीला स्ट्रूप परिणाम घ्यावा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये लोकांना रंगीत चौकोनांचे रंग सांगायला लावले आणि मग वेगळ्याच रंगाच्या शाईत छापलेल्या रंगनामांचे शाईचे रंग सांगायला लावले. १०० रंग सांगायला पहिल्या प्रकारात सरासरी ६३ सेकंद लागले, दुसऱ्यात ११०. शब्द वाचू नये असे ठरवले तरी तो वाचला जातो, आणि रंग सांगण्याच्या आड येतो.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जाड कागद, स्केचपेन आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरे. पिवळे अक्षर पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाही, म्हणून लाल, निळा, हिरवा आणि काळा हे चार रंग घ्यावेत. पहिल्या तक्त्यावर ४० रंगीत ठिपके. दुसऱ्यावर देवनागरीत लिहिलेली ४० रंगनामे, प्रत्येक न जुळणाऱ्या रंगात. तिसऱ्यावर तीच नावे इंग्रजीत, तशीच न जुळणाऱ्या रंगात. एकच रंग लागोपाठ दोनदा येऊ देऊ नये. तिन्ही तक्त्यांवर उत्तर मराठीतच द्यायचे. प्रत्येकाला आधी सरावाची एक लहान ओळ द्यावी. तक्त्यांचा क्रम सर्वांना सारखा ठेवू नये, नाहीतर शेवटच्या तक्त्यावरचा वेग सरावामुळे की शब्दांमुळे हे कळणार नाही. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या व्यक्तीला आधीच नम्रपणे वगळावे. कँटीनमध्ये प्रयोग घेऊ नये. रिकामा वर्ग मिळवावा आणि सर्वांना त्याच वर्गात बसवावे.

सुरू करण्याआधी प्रत्येकाला काय करायचे आहे ते सांगावे, मधेच उठून जाण्याची मुभा आहे हे स्पष्ट करावे आणि लेखी संमती घ्यावी. वेळेच्या तक्त्यात नावे न लिहिता क्रमांक लिहावेत. शाळकरी मुलांवर प्रयोग करायचा असेल तर पालकांची आणि शाळेची परवानगी लागते, आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय तसा बेत आखूच नये.

वीसेक जणांची माहिती जमली की प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढावा, म्हणजे देवनागरी तक्त्याचा वेळ वजा ठिपक्यांचा वेळ, आणि इंग्रजी तक्त्याचा वेळ वजा ठिपक्यांचा वेळ. ‘जास्प’ किंवा ‘जमोवी’ या मोफत आज्ञावलींत जोडीची टी-चाचणी, म्हणजे त्याच व्यक्तींच्या दोन आकड्यांतला फरक योगायोगापलीकडचा आहे का हे पाहणारी चाचणी, करता येते. शब्दाची आणि उत्तराची भाषा एकच असते तेव्हा अडथळा सहसा जास्त असतो, असे द्विभाषिकांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. तुमच्या गटात इंग्रजी माध्यमात शिकलेले आणि मराठी माध्यमात शिकलेले दोन्ही असतील, तर त्यांची आकडेवारी वेगळी पाहावी. तिथे फरक दिसला तर तो पुढच्या प्रकल्पाचा प्रश्न होतो, आणि न दिसला तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे. संगणकावर प्रतिसादकाळ मोजायचा असेल तर ‘सायकोपाय’ ही आज्ञावली मोफत मिळते.

न येणाऱ्या विषयाबद्दल

कला शाखेतून आलेल्यांना आज्ञावली आणि संख्याशास्त्र यांची भीती वाटते, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञानाचे वीस पानी निबंध जड जातात. प्रारंभिक अभ्यासक्रमाला सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि टी-चाचणी एवढे संख्याशास्त्र पुरते. तत्त्वज्ञानासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा मोफत ऑनलाइन विश्वकोश आहे. त्यातल्या नोंदी सावकाश, परिच्छेदाच्या समासात ‘इथे लेखक कोणाचा प्रतिवाद करतो’ असे लिहीत वाचाव्यात. वेगवेगळ्या शाखांतल्या तिघाचौघांचा अभ्यासगट बनवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी व्याख्या पाठ करण्याआधी ती कल्पना मराठीत, एखाद्या उदाहरणासह, गटातल्या दुसऱ्याला समजावून सांगावी. जिथे अडखळायला होते तिथेच इंग्रजी वाक्यही नुसते पाठ केलेले असते.

उजळणी आणि शहर

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होते, पण आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे होते. ज्याला रोज कल्याण किंवा विरारहून यावे लागते त्याने याचा थेट उपयोग करावा. गर्दीच्या डब्यात नवा निबंध वाचणे व्यर्थ आहे. त्या वेळात काल काय शिकलो ते वही न उघडता मनात मांडावे आणि उतरल्यावर तपासावे. वाचन कलिना संकुलातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयासाठी किंवा स्वतःच्या महाविद्यालयाच्या अभ्यासिकेसाठी राखून ठेवावे.

शहरात या विषयाचे लोक आहेत. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुले विज्ञान आणि गणित कसे शिकतात यावर काम करते, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मज्जाविज्ञानावर संशोधन होते, आणि कलिन्यातच भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र हे तिन्ही विभाग आहेत. खुल्या व्याख्यानांच्या सूचना पाहत राहाव्यात. शिक्षकांना भेटायला जाताना आपला एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा. चर्चा लवकर जमते.

प्रकल्प आणि परीक्षा

प्रकल्पासाठी शहरातल्या एखाद्या खऱ्या उपायाची चिकित्साही करता येते. २०१० च्या सुमारास वडाळा स्थानकाजवळ रूळ ओलांडताना होणारे मृत्यू कमी व्हावेत म्हणून मुंबईतल्या फायनल माइल या संस्थेने रेल्वेबरोबर काही बदल करून पाहिले. मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा सावकाश येत असल्याचा भास होतो, म्हणून रुळांखालच्या काही स्लीपरना पिवळा रंग दिला, जेणेकरून गाडीचा वेग डोळ्यांना कळावा. एका लांब शिट्टीऐवजी मध्ये शांतता ठेवून दोन तुटक शिट्ट्या वाजवल्या. आणि घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र लावले. यातला कोणता उपाय आकलनावर काम करतो, कोणता अवधानावर (लक्ष देण्यावर) आणि कोणता भावनेवर? तिन्ही एकदम केल्यावर परिणाम कोणाचा हे कसे ओळखावे? तुलनेसाठी दुसरे स्थानक कसे निवडावे? याची उत्तरे शोधताना संपूर्ण अभ्यासक्रमाची उजळणी होते. मात्र निरीक्षणासाठी रुळांजवळ जाऊ नये. फलाटावरून आणि पादचारी पुलावरून जे दिसते तेवढ्यावर भागवावे.

परीक्षेच्या उत्तरात नावे आणि साले बरोबर हवीत, पण गुण युक्तिवादाला मिळतात. प्रश्न ‘स्मृतीचे प्रकार स्पष्ट करा’ असा असला तरी प्रकारांची यादी देऊन थांबू नये. ते वेगळे मानण्यास कोणता पुरावा भाग पाडतो, ते लिहावे. वहीतल्या चार ओळी जवळपास तशाच उतरवता येतात.

ज्यांना यापुढे जायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी कानपूर, आयआयटी गांधीनगर, अलाहाबाद विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ इथे या विषयाचे स्वतंत्र विभाग, केंद्रे किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाच्या अटी दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळांवर पाहाव्यात. मुलाखतीची वेळ आली तर आपल्या स्ट्रूप प्रयोगाचे कच्चे आकडे, संमतीपत्राचा नमुना आणि आपल्या प्रश्नाची वही बरोबर न्यावी, म्हणजे बोलणे स्वतः केलेल्या कामाबद्दल होईल.